फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव विचार

*प्रिय ताई,*

*मी भोगावती काठच्या एका गावात राहते. बी.कॉम. झालंय, टॅली आणि जीएसटीचा कोर्स केलाय. आठ महिने झाले नोकरी शोधतेय. चाळीसेक ठिकाणी बायोडेटा मेल केला, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, कुणाचं उत्तर नाही. मैत्रीण म्हणते, फोन कर. पण फोन कानाला लावला की माझा घसा कोरडा पडतो. ‘व्हेकन्सी आहे का?’ विचारते, पलीकडून ‘नाही’ येतं आणि फोन बंद. एकदा पुण्याच्या एका कंपनीतून फोन आला. मी ‘हां, मी बोलतो’ म्हटलं, तर पलीकडच्या मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, ‘नक्की मुलगीच बोलताय ना?’ त्यानंतर मला काही सुचलंच नाही. आणखी एक फोन वडिलांनी उचलला. ‘ती रानात गेलीया’ सांगून ठेवून दिला. कुठली कंपनी, तेही विचारलं नाही. फोनवर बोलणं मला जमत नाही, हे आता मान्यच करून टाकू का?*

*एक वाचक, करवीर तालुका*

बाळ,

तुझं शेवटचं वाक्य आधी खोडून टाकू. तुला फोनवर बोलायला कुणी शिकवलंच नाही, तर ते जमत नाही हे ठरवायचं कसं? टॅली शिकायला तू क्लास लावलास. फोनचा क्लास कुठे नसतो, आणि नोकरी मात्र त्याच्यावर अडते.

पहिल्यांदा त्या ‘बोलतो’चं बोलू, कारण तुझ्या पत्रात मला तेच सगळ्यात जास्त लागलं. आपल्या कोल्हापूरकडे बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. माझी आई जन्मभर तसंच बोलली. मी लिहिताना ‘बोलते’ लिहिते, पण घरात आजही ‘बोलतो’च म्हणते. ही चूक नाही, ही आपली बोली आहे. त्या मॅडम हसल्या हे त्यांचं चुकलं. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या निम्म्या ऑफिसांत तुझ्याशी बोलणारा माणूस स्वतःच ‘काय करालायसा?’ म्हणणारा असतो, तिथं तुझ्या ‘बोलतो’कडे कुणाचं लक्षही जाणार नाही. पुण्या-मुंबईच्या फोनवर तुला ‘बोलते’ म्हणावंसं वाटलं तर जरूर म्हण, सुरुवातीची दोन वाक्यं तशी पाठ करून ठेव. पण बोलता बोलता प्रत्येक क्रियापदापाशी थांबून विचार करायला लागलीस तर अडखळशील, आणि ऐकणाऱ्याला त्या अडखळण्याचाच त्रास होतो. तुझं नाव, तुझा नंबर आणि तुझं काम, या तीन गोष्टी सावकाश आणि स्पष्ट ऐकू आल्या की बास.

आता त्या ‘व्हेकन्सी आहे का?’ या प्रश्नाकडे ये. १९९७ पासून अकरा वर्षं मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, टेलिफोनच्या स्विचबोर्डवर होते. माझ्या टेबलासमोर खिडकी, खिडकीपलीकडे वजनकाटा. कास्टिंग भरलेला ट्रक काट्यावर चढला की काच थरथरायची आणि मला पलीकडच्या माणसाला ‘जरा मोठ्यानं बोला’ म्हणावं लागायचं. टेबलावरच्या काचेखाली एक चिठ्ठी होती : ‘भरतीची चौकशी आल्यास सध्या नाही असे सांगणे.’ मी रुजू झाले तेव्हा ती होती आणि मी दुसऱ्या खात्यात गेले तेव्हाही होती, कागद तेवढा पिवळा पडला होता. त्या अकरा वर्षांत तिथे किती माणसं कामाला लागली याची गणती नाही. चिठ्ठी मात्र कुणी काढली नाही.

म्हणून सांगते, हा प्रश्न तू विचारायचाच नाहीस. त्याचं उत्तर काचेखाली आधीच लिहून ठेवलेलं असतं, आणि फोन उचलणाऱ्याला ते वाचून दाखवायला दोन सेकंद लागतात.

मग विचारायचं काय? एक दिवस माझ्या बोर्डावर गडहिंग्लजहून एका मुलीचा फोन आला. तिने आधी तिचं नाव सांगितलं आणि मग विचारलं, ‘मॅडम, आपलं नाव काय?’ मी दिवसाला शंभरेक फोन घ्यायची. बाहेरून फोन करणाऱ्यानं माझं नाव विचारायचं म्हणजे नवलच. मी सांगितलं. मग म्हणाली, ‘तुमच्याकडं अकाउंट्सचं कोण बघतात? त्यांना बायोडेटा द्यायचा झाला तर कुणाच्या नावानं देऊ?’ या प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीवर नव्हतं, ते मलाच द्यावं लागलं. मी साहेबांचं नाव सांगितलं, वर हेही सांगितलं की आत्ता एक्साइजचे लोक आलेत, तीन वाजता कर. बरोबर तीनला फोन आला आणि तिने मला नावाने हाक मारली. मी लाइन जोडून देताना साहेबांना म्हटलं, ‘गडहिंग्लजच्या त्या मुलीचा फोन आहे.’ तिची नि माझी ओळख एवढीच, सकाळची. पण ‘कुणाचा तरी फोन आहे’ आणि ‘त्या मुलीचा फोन आहे’ यात किती फरक पडतो ते मी त्या दिवशी बघितलं. साहेबांनी तिला शनिवारी बोलावलं, मार्चअखेरच्या कामाला दोन महिने घेतलं, आणि ती पुढे तिथेच राहिली.

हे उदाहरण मी मनात फार जपून ठेवलंय. फोन करताना आपण सगळे ‘साहेब’ शोधत असतो. पण आधी भेटतो तो ऑपरेटर, रिसेप्शनवरची मुलगी, नाहीतर गेटवरचा वॉचमन. साहेब कधी जागेवर असतात, कधी चिडलेले असतात, कुणाला नुकतंच काढलंय, कोण बाळंतपणाच्या रजेवर जाणार आहे, हे सगळं त्याला माहीत असतं. त्याच्याशी नीट बोल. त्याचं नाव विचार, लिहून ठेव, दुसऱ्या फोनला त्याच नावाने हाक मार. लहान ऑफिसात तर फोन उचलणारा खुद्द मालकही असतो, तेव्हा कुणाशी कसं बोलायचं हा हिशोबच करू नकोस.

आणि एका फोनवर पूर्ण नोकरी मागू नकोस. पहिल्या फोनचं काम एवढंच की कुणाला भेटायचं आणि कधी भेटायचं. नाव आणि वेळ. या दोन गोष्टी वहीत उतरल्या की तो फोन यशस्वी झाला, पलीकडचा कितीही तुटक बोलला असला तरी. तुझा घसा कोरडा पडतो कारण तू प्रत्येक फोनवर अख्खं आयुष्य पणाला लावून बसतेस. एक नाव आणि एक वेळ विचारायला घसा एवढा कोरडा पडत नाही, करून बघ.

वाक्य असं ठेव : ‘नमस्कार, मी अमुक, हळदीजवळून बोलते. बी.कॉम. आहे, टॅली आणि जीएसटी रिटर्नचं काम शिकलेय. तुमच्याकडं अकाउंट्सचं कोण बघतात, त्यांना कधी भेटता येईल?’ अमुकच्या जागी तुझं नाव, हळदीच्या जागी तुमचं गाव किंवा जवळचं ठिकाण. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिही आणि समोर भिंतीला चिकटव. वाचून दाखवल्यासारखं वाटेल म्हणून घाबरू नकोस, पाच-सहा फोन झाले की कागदाकडे बघायची गरज राहणार नाही. फोन उभं राहून कर, आवाज मोकळा निघतो. घरात जिथं रेंज धरते ती जागा आधी शोधून ठेव, मग ती गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ असो नाहीतर गोठ्याच्या कडेला. चालत चालत, एसटीत बसून, रस्त्यावरून फोन करू नकोस. ‘हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?’ यातच पहिलं मिनिट जातं आणि समोरचा कंटाळतो.

वेळेचं मात्र तुला इतरांपेक्षा जास्त बघावं लागेल, कारण तू अकाउंट्सचं काम मागते आहेस. कारखान्यात सकाळी नऊ-साडेनऊला हजेरी आणि डिस्पॅचची गडबड असते, दुपारी जेवणाची सुट्टी. साडेदहा ते बारा आणि तीन ते साडेचार या वेळात माणूस जागेवर सापडतो. पण तारखाही बघ. ७ तारखेला टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला कर, भरायचा असतो. ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, १५ ला कामगारांचे पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी म्हणजे कर भरायचं रिटर्न. शाहूपुरी-राजारामपुरीतल्या सीएच्या आणि टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात १० आणि १९ तारखेला काय चाललेलं असतं, ते तुला कोर्समध्ये सांगितलं असेलच. त्या दिवशी फोन करून ‘सर, दोन मिनिटं आहेत का?’ विचारणाऱ्या मुलीबद्दल त्या सरांना काय वाटेल? तेच तू २१ तारखेला फोन केलास आणि म्हणालीस, ‘काल ३बीची गडबड होती म्हणून आज करतेय,’ तर तुझा बायोडेटा न बघताच त्यांना कळतं की हिला काम माहीत आहे. एवढं एक वाक्य सर्टिफिकेटपेक्षा जास्त सांगतं.

फक्त एमआयडीसीतच शोधू नकोस. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानांना, लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या व्यापाऱ्यांना, गुजरीतल्या सराफांना, हुपरीच्या चांदीवाल्यांना, इचलकरंजीच्या कापडवाल्यांना, सगळ्यांना हिशोब ठेवावा लागतो आणि टॅली येणारं माणूस लागतं. ही मंडळी मेल क्वचित बघतात. तुझे चाळीस मेल कुठे गेले, त्याचं बरंचसं उत्तर इथंच आहे. त्यांचा सगळा धंदा फोनवर चालतो, त्यामुळे फोनवर नीट बोलणारी मुलगी त्यांना आवडते. अडतीत सौदे चालू असताना मात्र फोन करू नकोस, दुपारनंतर कर. आणि प्रत्येक ठिकाणी साप्ताहिक सुट्टीचा वार वेगळा असू शकतो, तो पहिल्याच फोनला विचारून घे.

एक शंभर पानी वही घे. प्रत्येक फोनला एक ओळ : तारीख, ठिकाण, नंबर, कोण बोललं, काय म्हणाले, पुन्हा कधी. मोबाईलमध्ये नोंद करशील तर बोलताना ती उघडणं अवघड जाईल, म्हणून वहीच. कुणी म्हणालं, ‘कळवतो,’ तर तिथंच विचार, ‘गुरुवारपर्यंत कळलं नाही तर मी फोन केलेला चालेल का?’ बहुतेक लोक ‘चालेल’ म्हणतात. मग गुरुवारी त्याच वेळेला फोन कर आणि ‘तुम्हीच गुरुवारी करायला सांगितलं होतं’ असं सांग. रोज फोन करून भंडावून सोडू नकोस. आमच्याकडे एक मुलगा रोज सकाळी करायचा. होतकरू होता, पण त्याचा आवाज ऐकला की साहेब हातानेच ‘नाही’ म्हणून खूण करायचे. तोच मुलगा आठवड्याने, सांगितलेल्या दिवशी फोन करता तर त्याचं काम झालं असतं असं मला अजून वाटतं.

फोन झाला की लगेच दोन ओळींचा व्हॉट्सअ‍ॅप पाठव : ‘नमस्कार सर, आत्ता फोनवर बोलणं झालं त्याप्रमाणे बायोडेटा पाठवत आहे. शनिवारी ११ वाजता येते.’ फाइल पीडीएफ असू दे आणि तिला तुझं नाव दे. नुसतं ‘बायोडेटा नवीन दोन’ नाव असलेल्या फायली त्या बिचाऱ्यांच्या फोनमध्ये वीस असतात.

आता वडिलांचा फोन. त्यांच्यावर रागावू नकोस, मुलीला अनोळखी माणसाचा फोन आला की बापाचा जीव धास्तावतोच. माझ्या बाबतीत असं झालंय. १९९६ साली आमच्या घरी फोन नव्हता. अर्जावर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा नंबर दिला होता, पुढे ‘पीपी’, म्हणजे फोन दुसऱ्याचा, असं लिहून. मुलाखतीला बोलावल्याचा फोन दुकानात आला, गल्ल्यावरच्या पोऱ्यानं तो घेतला आणि पुडी बांधायच्या कागदावर निरोप लिहिला. त्या कागदात कुणाची तरी पावशेर साखर बांधून गेली. मला आठ दिवसांनी कळलं, तोवर जागा भरली होती. पोऱ्याची काय चूक? हा फोन माझ्यासाठी किती मोलाचा आहे हे त्याला मी कधी सांगितलंच नव्हतं.

तू वडिलांना सांग. वहीतली नावं त्यांना वाचून दाखव, ‘आबा, यातल्या कुणाचाही फोन येईल,’ म्हण. फोन ठेवतो त्या फळीवर एक कागद लाव : कोण बोलतंय, कुठून, कुठल्या नंबरवर परत फोन करू. ‘ती रानात गेलीया’ यात लाजण्यासारखं काही नाही, पुढे ‘तासाभरात करंल, तुमचं नाव सांगा’ एवढं जोडलं की झालं. मिस्ड कॉल दिसला की त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर उलटा फोन कर आणि ‘कुणाचा फोन आलता?’ असं न विचारता सांग, ‘या नंबरवरून ११:२० ला मला फोन आला होता, मी अकाउंट्सच्या कामासाठी बायोडेटा दिला होता.’ ऑफिसात पाच माणसं एकाच नंबरवरून फोन करतात, तुला कुणी केला होता हे शोधायला त्यांना धागा लागतो.

नोकरी लागेपर्यंत अनोळखी नंबर उचलायचे. १४० ने सुरू होणारे जाहिरातींचे असतात, ते सोडून दे. लँडलाइनचा एक घोळ सांगून ठेवते. कोल्हापूरचा कोड ०२३१. पण ‘शिरोली पुलाची’ हे गाव हातकणंगले तालुक्यात येतं, त्यामुळे शिरोली एमआयडीसीतले जुने लँडलाइन ०२३० ने सुरू होतात. तो इचलकरंजीचाही कोड आहे. मुलं ‘इचलकरंजीत तर मी अर्जच केला नाही’ म्हणून फोन कट करतात आणि पलीकडे शिरोलीची कंपनी असते. कॉलर ट्यूनही काढून टाक, मग ती अंबाबाईची आरती का असेना. साधी घंटी बरी.

फोनवरच मुलाखत सुरू झाली तर घाबरून ‘हो हो’ करत जाऊ नकोस. ‘सर, एक मिनिट, शांत जागेत येते,’ असं म्हणायला पूर्ण मुभा आहे, मलाही असं म्हणणारी मुलं आवडायची. पगाराचं विचारलं तर ‘तुम्ही द्याल ते’ म्हणू नकोस. जाण्यायेण्याचा खर्च धरून एक आकडा आधी घरी ठरव आणि तो सांग. सुटायची वेळ आणि शेवटची गाडी याचाही विचार आधीच कर.

आणि हे नीट वाच. नोकरीच्या फोनवर कुणी पैसे मागितले, मग ती रजिस्ट्रेशन फी असो, युनिफॉर्मचं डिपॉझिट असो नाहीतर ‘पहिल्या पगारातून परत मिळेल’ अशी रक्कम असो, तो फोन नोकरीचा नाही. ओटीपी सांगायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं अ‍ॅप इन्स्टॉल करायचं नाही. ‘व्हेरिफिकेशनसाठी स्टार ४०१ आणि पुढे हा नंबर दाबा’ म्हणाले तर दाबू नकोस. त्याने तुझे येणारे फोन त्यांच्या नंबरवर वळू शकतात आणि बँकेचा ओटीपी फोनवरून आला तर तोही त्यांनाच मिळू शकतो. चुकून दाबलंच तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कॉल फॉरवर्डिंग बंद कर. पैसे गेले तर लाजून गप्प बसायचं नाही, तासाभराच्या आत १९३० वर फोन करायचा. मुलाखतीला कुणी लॉजवर, हॉटेलच्या खोलीत बोलावलं तर जायचंच नाही. कंपनीत नाहीतर ऑफिसात, दिवसा, आणि पहिल्या वेळी आबांना बरोबर घेऊन. ते बाहेर गेटपाशी बसले म्हणून तुझी किंमत कमी होत नाही.

सुरुवात अशी कर. यादीतल्या ज्या तीन ठिकाणी नोकरी नाही मिळाली तरी तुला वाईट वाटणार नाही, तिथे आधी फोन लाव. तुझी जीभ तिथे वळू दे. ज्या जागा मनापासून हव्यात त्या चौथ्या-पाचव्या फोनला ठेव. त्याच्या आदल्या रात्री मैत्रिणीला दुसऱ्या खोलीत बसव आणि तिला फोन लावून वाक्य म्हण. तिला सांग, मध्येच ‘सध्या नाही’ म्हण, मध्येच ‘थांबा जरा’ म्हणून दोन मिनिटं गप्प बस. त्या दोन मिनिटांची सवय झाली की अर्धी भीती जाते. लाइनवर थांबवून ठेवणं म्हणजे नकार नसतो. बहुतेक वेळा माझ्यासारखंच कुणीतरी खुर्चीवरून उठून साहेब जागेवर आहेत का ते बघायला गेलेलं असतं.